वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्विचचा कॉन्फिगरेशन बॅकअप: पावसाळ्याआधी उभारायची स्वयंचलित व्यवस्था

रत्नागिरीजवळच्या एका शैक्षणिक संकुलात काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस आला आणि प्रशासकीय इमारतीजवळ पडलेल्या विजेने तळमजल्यावरचा मुख्य स्विच (नेटवर्कमधले संगणक एकमेकांना जोडणारे उपकरण) निकामी केला. कपाटात त्याच मॉडेलचा राखीव स्विच होता, वीजपुरवठाही दोन तासांत परत आला, तरीसुद्धा नेटवर्क पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. जळालेल्या स्विचमध्ये अठरा व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) होते आणि त्यांतला कोणता कोणत्या पोर्टवर जात होता, हे सांगणारी एकच फाइल माझ्या लॅपटॉपवर होती, तीही चौदा महिन्यांपूर्वीची. रात्रभर विजेरीच्या उजेडात एकेक केबल हलवून पाहत आम्ही ते कॉन्फिगरेशन, म्हणजे स्विचची सारी मांडणी, नव्याने लिहिले. त्यानंतर जी व्यवस्था मी उभी केली आणि आज माझ्या देखरेखीखालच्या प्रत्येक जागी वापरतो, ती येथे क्रमाने सांगितली आहे.

कोकणात या कामाची निकड जास्त आहे. मृगाच्या आगेमागे आणि पुन्हा हस्तात विजा पडतात, खारा वारा बारा महिने उपकरणांना खातो आणि वीज जाण्या-येण्याचे धक्के वेगळेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे खांब आणि फायबर दोन्ही आडवे झाले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले, तेव्हा तळमजल्यावर जे काही होते ते सगळेच पाण्याखाली गेले. बॅकअपची रचना करताना हे प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावेत, कारण बॅकअप घेणारा सर्व्हर बहुधा त्याच इमारतीत असतो.

खाली दिलेल्या कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; स्विचवर अर्थातच त्या रोमन लिपीत टाइप करायच्या आहेत.

वही घेऊन रॅकपाशी जा

सॉफ्टवेअर निवडण्याआधी यादी करावी, आणि ती खुर्चीत बसून करू नये. मी पाहिलेल्या संस्थांमध्ये स्विच एका खरेदीत आलेले नसतात: मुख्य स्विच सिस्कोचा, नव्या इमारतीत एचपी किंवा अरुबाचे, वसतिगृहात डी-लिंक अथवा टीपी-लिंकचे आणि इंटरनेट आत येते तिथे मायक्रोटिकचा राउटर. प्रत्येकाचे नाव, आयपी पत्ता, नेमके मॉडेल, फर्मवेअरची (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती, अनुक्रमांक, जागा आणि अपलिंक (मुख्य स्विचकडे जाणारी जोडणी) कोणत्या पोर्टवर आहे, एवढे लिहून घ्यावे. अपलिंकचा रकाना बरेच जण सोडून देतात, पण राखीव स्विच बसवताना पहिला प्रश्न तोच येतो.

याच फेरीत पोर्टकडे नीट पाहावे. किनाऱ्यालगतच्या इमारतींत पोर्टच्या आतल्या तारांवर हिरवट थर धरतो, तो पोर्ट बंद पडतो आणि कोणीतरी केबल काढून शेजारच्या पोर्टमध्ये घालतो. दोन्ही पोर्ट एकाच व्हीलॅनमध्ये असले तर काम चालू राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र कॉन्फिगरेशनमधले पोर्टचे वर्णन त्या दिवसापासून खोटे ठरते. अशी वर्णने याच वेळी दुरुस्त करावीत, नाहीतर चुकीची माहिती काटेकोरपणे जपून ठेवण्यासाठीच ही सगळी यंत्रणा उभी राहील.

काही स्वस्त स्विच केवळ ब्राउझरमधूनच हाताळता येतात, त्यांना कमांड लाइन नसते. त्यांची वेगळी यादी करावी आणि तिमाहीला एकदा हाताने त्यांची फाइल उतरवून घ्यावी. त्यांच्यासाठी स्क्रिप्ट लिहिण्यात दिवस घालवू नयेत.

बॅकअपसाठी वेगळे खाते

ॲडमिनच्या खात्याने बॅकअप घेऊ नये. प्रत्येक स्विचवर केवळ या कामाचे खाते करावे आणि तेथे फक्त बॅकअप सर्व्हरच्या आयपीवरून, मॅनेजमेंट व्हीलॅनमधूनच (फक्त उपकरणे हाताळण्यासाठीच्या नेटवर्कमधूनच) प्रवेश मिळेल असा ॲक्सेस लिस्टचा नियम लावावा.

खात्याला किती अधिकार द्यावेत, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. सिस्कोच्या आयओएसमध्ये (स्विचच्या कार्यप्रणालीत) कमी प्रिव्हिलेजच्या, म्हणजे कमी अधिकाराच्या, खात्याने ‘शो रनिंग-कॉन्फिग’ (चालू कॉन्फिगरेशन दाखवण्याची कमांड) चालवले, तर त्या खात्याला ज्या ओळी बदलण्याचा अधिकार आहे तेवढ्याच त्याला दिसतात. परिणामी फाइल तयार होते, कोणतीही चूक नोंदली जात नाही आणि फाइलमध्ये जवळजवळ काहीच नसते. टॅकॅक्स प्लसचा (कोणाला कोणती कमांड चालवता येईल हे ठरवणारा) सर्व्हर असल्यास पातळी १५ चे, म्हणजे सर्वोच्च अधिकाराचे, खाते देऊन त्याला केवळ ‘शो’ प्रकारच्या कमांडची परवानगी ठेवावी. तो नसेल तर ज्या आवृत्त्यांत ‘शो रनिंग-कॉन्फिग व्ह्यू फुल’ आहे, तेथे ती कमांड खालच्या पातळीला उपलब्ध करून देता येते.

जोडणी एसएसएचनेच (मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या पद्धतीनेच) करावी. जुन्या स्विचच्या बाबतीत येथे अडथळा येतो, कारण त्यांना येणाऱ्या सांकेतिक पद्धती आता असुरक्षित ठरल्या आहेत. ओपनएसएसएच या लिनक्सवरच्या नेहमीच्या एसएसएच सॉफ्टवेअरने २०१५ मध्ये आवृत्ती ७.० पासून ‘डिफी-हेलमन ग्रुप १’ आणि २०२१ मध्ये आवृत्ती ८.८ पासून शा-१ वर आधारलेल्या आरएसए स्वाक्षऱ्या मूळ मांडणीतून काढून टाकल्या. त्यामुळे नव्या सर्व्हरवरून जुन्या स्विचला जोडू गेल्यास पासवर्ड विचारला जाण्याआधीच जोडणी तुटते. आधी त्या स्विचचे फर्मवेअर अद्ययावत करून पाहावे. तेही शक्य नसेल, तर जुन्या पद्धतीची सवलत त्या एकाच स्विचच्या नावे द्यावी, सर्व्हरभर कधीही देऊ नये.

प्रत्येक कंपनीची बोली वेगळी

एका कंपनीसाठी लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर फसते ती बहुधा पहिल्याच ओळीला, कारण पडदा भरला की स्विच थांबतो आणि कळ दाबण्याची वाट पाहतो. सिस्कोवर हे थांबणे ‘टर्मिनल लेंग्थ ०’ ने बंद होते, एचपी प्रोकर्व्ह आणि अरुबावर ‘नो पेज’ ने, एचपीच्या कॉमवेअरवर ‘स्क्रीन-लेंग्थ डिसेबल’ ने, आणि डी-लिंकच्या जुन्या स्विचवर ‘डिसेबल क्लिपेजिंग’ ने. प्रोकर्व्ह तर आत शिरताच कोणतीही कळ दाबायला सांगतो. ती दाबल्याशिवाय प्रॉम्प्टच (कमांड टाइप करण्याची खूण) येत नाही. कॉन्फिगरेशन दाखवण्याची कमांड सिस्को आणि प्रोकर्व्हवर ‘शो रनिंग-कॉन्फिग’, कॉमवेअरवर ‘डिस्प्ले करंट-कॉन्फिगरेशन’, जुनिपरवर ‘शो कॉन्फिगरेशन’ आणि मायक्रोटिकवर ‘एक्सपोर्ट’ अशी आहे.

कमांड पाठ करणे सोपे आहे. ‘काय दिसत नाही’ हे माहीत असणे त्याहून महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक बॅकअप नेमके तिथेच अपुरे पडतात.

सिस्कोचा स्विच व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये आपोआप पसरवणारी सिस्कोची पद्धत) सर्व्हर मोडमध्ये असेल, तर व्हीलॅनची यादी रनिंग-कॉन्फिगमध्ये येतच नाही. ती फ्लॅश मेमरीतल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये असते. बॅकअपमधून राखीव स्विच उभा केला की सर्व पोर्ट आपापल्या व्हीलॅनचे क्रमांक दाखवतात, पण ते व्हीलॅन अस्तित्वातच नसतात आणि संपूर्ण मजला बंद राहतो. ज्या संस्थेत व्हीटीपीची खरी गरज नाही, तेथे मी स्विच ट्रान्सपरंट मोडमध्ये नेतो, कारण त्या मोडमध्ये व्हीलॅन रनिंग-कॉन्फिगमध्येच लिहिले जातात. व्हीटीपी वापरणे भागच असेल, तर ‘शो व्हीलॅन’ चे उत्तरही बॅकअपमध्ये जोडून घ्यावे.

प्रोकर्व्हच्या कॉन्फिगरेशनमध्ये पासवर्ड तेव्हाच येतात, जेव्हा त्या स्विचवर ‘इन्क्लूड-क्रेडेन्शियल्स’ चालू केलेले असते. मायक्रोटिकच्या आवृत्ती ७ मध्ये ‘एक्सपोर्ट’ गोपनीय मूल्ये आपण होऊन वगळतो, ती हवी असल्यास ‘शो-सेन्सिटिव्ह’ जोडावे लागते; आवृत्ती ६ मध्ये नेमके उलट असून तिथे ती दिसतात आणि लपवण्यासाठी ‘हाइड-सेन्सिटिव्ह’ लागते. मायक्रोटिकची दुसरी, बायनरी स्वरूपाची बॅकअप फाइल त्याच उपकरणावर परत चढवण्यासाठी असते, म्हणून जळालेल्या राउटरच्या जागी वेगळे मॉडेल येणार असेल तर मजकुरातला ‘एक्सपोर्ट’ च कामी येतो.

जुनिपर आपल्या पोटात ० ते ४९ अशा पन्नास आवृत्त्या स्वतःच ठेवतो. चुकीचा बदल मागे घ्यायला ही सोय उत्तम आहे. पण वीज पडली तर पन्नासही आवृत्त्या एकदम जातात, म्हणून तिला बॅकअप समजू नये.

साधन निवडणे आणि बसवणे

तीन मार्ग माझ्या वापरात आले आहेत. रॅन्सिड हे सर्वांत जुने आणि भरवशाचे साधन आहे, पण त्याची मांडणी नवख्याला जड जाते. पायथॉनमधल्या नेटमिको या लायब्ररीवर स्वतःची स्क्रिप्ट लिहिता येते आणि चार-पाच स्विच असतील तर तेवढे पुरेही होते. मात्र ती स्क्रिप्ट लिहिणारा माणूस नोकरी सोडून मुंबईला गेला की तिला हात लावायला कोणी धजत नाही. म्हणून दहाच्या वर स्विच आणि तीनच्या वर कंपन्या असल्यास मी ऑक्सिडाइज्ड सुचवतो. ते रुबी भाषेत लिहिलेले आहे, मुक्त स्रोत आहे, शंभराहून अधिक प्रकारच्या उपकरणांची बोली त्याला आधीच येते आणि झालेला प्रत्येक बदल ते गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) नोंदवते.

त्यासाठी मोठा सर्व्हर लागत नाही. दोन जीबी मेमरीचा लिनक्स संगणक, त्यावर डॉकर (तयार सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) आणि ऑक्सिडाइज्डची तयार प्रतिमा एवढे पुरेसे असते. ते रूट वापरकर्त्याने चालवू नये. पहिल्यांदा चालवले की ते एक नमुना कॉन्फिग फाइल तयार करून थांबते. त्या फाइलमध्ये पुढील गोष्टी भराव्यात.

उपकरणांची यादी ‘राउटर डॉट डीबी’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. प्रत्येक ओळीत एक उपकरण: नाव, आयपी, मॉडेल आणि गट, मध्ये कोलन. मॉडेल म्हणजे कंपनीचे नाव नव्हे, हे लक्षात ठेवावे. सिस्कोसाठी ‘आयओएस’, जुन्या एचपी-अरुबासाठी ‘प्रोकर्व्ह’, नव्या अरुबा सीएक्ससाठी ‘एओएससीएक्स’, मायक्रोटिकसाठी ‘राउटरओएस’ असे लिहायचे असते. एचपीच्या पाटीखाली प्रोकर्व्ह आणि कॉमवेअर अशा दोन पूर्ण वेगळ्या बोली नांदतात, तेव्हा पाटी पाहून मॉडेल लिहू नये, आत शिरून प्रॉम्प्ट पाहावा. कॉमवेअरचा प्रॉम्प्ट टोकदार कंसात असतो.

नमुना फाइलमध्ये जोडणीचा क्रम ‘एसएसएच, टेलनेट’ असा असतो. याचा अर्थ एसएसएच फसले तर ऑक्सिडाइज्ड टेलनेटने प्रयत्न करते आणि आपला पासवर्ड उघड्या मजकुरात तारेवरून जातो. टेलनेट हा शब्द येथून काढून टाकावा आणि ज्या जुन्या स्विचला दुसरा पर्यायच नाही, त्यांचा वेगळा गट करून तेवढ्यापुरताच तो ठेवावा. जुन्या सांकेतिक पद्धतींची सवलतही याच फाइलमध्ये द्यावी लागते, कारण ऑक्सिडाइज्ड ओपनएसएसएच वापरत नाही, रुबीची स्वतःची लायब्ररी वापरते. संगणकाच्या एसएसएच मांडणीत केलेला प्रत्येक बदल तिला लागू होईलच असे नाही. माझा एक पूर्ण दिवस याच गैरसमजात गेला होता.

बॅकअपची वारंवारता मुळात ३६०० सेकंद, म्हणजे तासाला एकदा असते. लहान संस्थेत २१६०० सेकंद, म्हणजे सहा तास, मला पुरेसे वाटतात. बदल झाला नसेल तर गिटमध्ये नवी नोंद होत नाही, त्यामुळे जागेची चिंता करू नये. गिटचे कोठार ‘बेअर’ प्रकारचे असते, म्हणजे त्या फोल्डरमध्ये पाहिले तर स्विचच्या फाइली दिसत नाहीत. त्या दिसण्यासाठी दुसरीकडे ‘गिट क्लोन’ करावे. वेबवरचे पान ८८८८ पोर्टवर मिळते, पण त्याला पासवर्ड नसतो, म्हणून ते सर्व्हरच्या बाहेर उघडे करू नये.

‘रिमूव्ह सीक्रेट’ हा पर्याय चालू केला की पासवर्ड आणि एसएनएमपीच्या (उपकरणांवर देखरेख ठेवण्याच्या पद्धतीच्या) किल्ल्या फाइलमधून खोडल्या जातात. हे सुरक्षित वाटते, पण त्या फाइलमधून स्विच सरळ उभा करता येत नाही. मी तो पर्याय बंद ठेवतो आणि कोठाराचीच राखण करतो. सिस्कोचे ‘टाइप ७’ पासवर्ड क्षणात उलगडतात, तेव्हा हे कोठार ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती संपूर्ण नेटवर्क लागेल, असे समजूनच वागावे.

फाइल आली म्हणजे बॅकअप झाला असे नाही

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ देतो. पडदा थांबवणे बंद झाले नाही, जोडणी मध्येच तुटली, खात्याचा अधिकार कमी झाला, तर अर्धवट फाइल येते आणि वेबवरच्या पानावर यश दाखवणारा हिरवा रंग तसाच राहतो. म्हणून दररोज पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) एक छोटी स्क्रिप्ट चालवावी, जिने कोठाराची ताजी प्रत घेऊन प्रत्येक फाइलमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात: सिस्कोच्या फाइलमध्ये ‘एंड’ आणि कॉमवेअरच्या फाइलमध्ये ‘रिटर्न’ ही शेवटची ओळ आहे का, ओळींची संख्या कालच्यापेक्षा एकदम पाचव्या हिश्शाने घटली आहे का, आणि अपलिंकच्या पोर्टचे नाव फाइलमध्ये सापडते का. तिसरी तपासणी वहीतल्या त्या रकान्यावरून करता येते.

शेवटचा यशस्वी बॅकअप कधी झाला, हे गिटच्या तारखेवरून ठरवू नये. वर्षभर न बदललेल्या स्विचची शेवटची नोंद वर्षापूर्वीची असणे बरोबरच आहे. त्यासाठी ऑक्सिडाइज्डच्या ‘नोड्स डॉट जेसन’ या पानावरची वेळ वाचावी. एखादा स्विच अपयशी ठरल्यास ‘नोड फेल’ या हुकमधून (घटना घडताच आपोआप चालणाऱ्या सोयीतून) संदेश पाठवता येतो. पण सर्व्हरच बंद पडला तर तो संदेशही येणार नाही, म्हणून माझी स्क्रिप्ट सकाळी नऊ वाजता ‘४१ पैकी ४१’ असा आकडा दररोज पाठवते. तो आला नाही, तर मी चहा होण्याआधी सर्व्हर पाहतो.

उलट बाजूने, काही ओळी काही न बदलता बदलतात. मायक्रोटिकच्या ‘एक्सपोर्ट’ च्या पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ असते, जुन्या सिस्कोवर ‘एनटीपी क्लॉक-पिरियड’ चा आकडा सरकत राहतो. ऑक्सिडाइज्ड यांतल्या बहुतेक ओळी आपण होऊन गाळते. स्वतःची स्क्रिप्ट असेल तर त्या गाळाव्यात. रोजच खोटे बदल दिसू लागले की खरा बदलही कोणी वाचत नाही.

प्रत इमारतीबाहेर जाऊ द्या

एकाच यूपीएसवर स्विच आणि बॅकअप सर्व्हर असतील, तर एकच धक्का दोघांनाही नेतो. कोठाराची प्रत दर रात्री दुसऱ्या इमारतीतल्या, शक्य तर वरच्या मजल्यावरच्या संगणकावर जावी. ‘गिट बंडल’ या कमांडने संपूर्ण इतिहासासह एकच फाइल तयार होते. ती जीपीजी या सांकेतिकीकरणाच्या साधनाने कुलूपबंद करून बाहेरच्या साठवणीवर पाठवावी. मात्र वादळात फायबर तुटलेले असताना बाहेरची साठवण उपयोगी पडत नाही, म्हणून हीच कुलूपबंद फाइल मेच्या शेवटी आणि नंतर महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवरही घ्यावी आणि किल्ली उघडणारे परवलीचे वाक्य कागदावर लिहून वेगळ्या ठिकाणी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावे. कोकणातल्या पावसाळ्यात उघडा कागद कपाटातही ओला होतो.

मे महिन्यात एकदा उभा करून पाहा

राखीव स्विच, कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) आणि पेन ड्राइव्हवरची फाइल घेऊन, नेटवर्कपासून पूर्ण तोडलेल्या टेबलावर एक तरी स्विच उभा करावा. जुन्या सिस्कोचा कन्सोल ९६०० बॉडवर बोलतो. रनिंग-कॉन्फिगमध्ये मजकूर चिकटवला तर तो आधीच्या मजकुरात मिसळतो, त्यामुळे फाइल स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये (स्विच सुरू होताना वाचतो त्या कॉन्फिगरेशनमध्ये) घालून स्विच पुन्हा सुरू करणे अधिक विश्वासाचे. ऑक्सिडाइज्डने वर जोडलेल्या उद्गारचिन्हाच्या ओळी सिस्को टिप्पणी समजून सोडून देतो. पण प्रोकर्व्हला मूळ पहिल्या ओळीतले मॉडेल आपले असावे लागते, म्हणून तिथे वर जोडलेला मजकूर काढावा.

दोन गोष्टी फाइलमध्ये कधीच येत नाहीत. पहिली, सिस्कोची एसएसएचची किल्ली: ती ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए’ ने नव्याने करावी लागते, तोवर स्विच चालतो पण दुरून आत जाता येत नाही. दुसरी, फर्मवेअर: राखीव स्विचवर जुनी आवृत्ती असेल तर काही ओळी तो मुकाट्याने नाकारतो, म्हणून वहीतली आवृत्ती आधी जुळवून घ्यावी. शेवटी नव्या स्विचमधून कॉन्फिगरेशन पुन्हा काढून मूळ फाइलशी ‘डिफ’ (ओळीनिहाय तुलना) करावी आणि जी ओळ वेगळी दिसेल तिचे कारण कळेपर्यंत टेबलावरून उठू नये. माझ्या पहिल्या सरावात व्हीलॅन १ चा इंटरफेस बंदच राहिला होता, कारण सिस्को ‘शटडाउन’ ची ओळ लिहितो, पण ‘नो शटडाउन’ ची लिहीत नाही.

खऱ्या प्रसंगी स्विच बदलून झाला की वहीत नवा अनुक्रमांक लिहावा. ज्यांनी बॅकअप सर्व्हरवर होस्ट कीची (स्विचची ओळख पटवणाऱ्या किल्लीची) तपासणी चालू ठेवली आहे, त्यांनी त्याच रात्री त्या स्विचची जुनी की काढून नवी नोंदवावी, कारण नव्या किल्लीमुळे सर्व्हर त्या स्विचला अनोळखी समजून परत फिरतो. ते केल्यावर त्या एका स्विचचा बॅकअप हाताने चालवावा, फाइल उघडून शेवटची ओळ पाहावी आणि मगच रॅकचे दार लावावे.